तैलरंग : ग्लेझ दिले आणि चेहरा खडूसारखा झाला

प्रश्न : दीड बाय दोन फुटांच्या कॅनव्हासवर, संध्याकाळच्या समुद्राकडे पाठ करून उभी असलेली कोळीण रंगवते आहे. आधी सगळे करड्या रंगात केले. वाळल्यावर यलो ऑकर, कॅडमियम रेड आणि थोडा पांढरा पातळ करून चेहऱ्यावर ग्लेझ दिले. चेहरा खडूसारखा दिसतो आणि बाई कापून चिकटवल्यासारखी. काय चुकले? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : आधी रंग चुकले. ग्लेझ म्हणजे वाळलेल्या रंगावर दिलेला पातळ, पारदर्शक थर, जणू रंगीत काच. उजेड तिच्यातून आत जाऊन खालच्या करड्यावरून परत यायला हवा. कॅडमियम अपारदर्शक, ऑकरही बराचसा तसाच, आणि पांढरा मिसळला की ग्लेझचे धुके होते. (हे धुके क्षितिजापाशी मुद्दाम वापरा, तिथे ते शोभते.) त्वचेला बर्न्ट सिएना किंवा ट्रान्स्परंट ऑक्साइड रेड घ्या, गुलाबी झाकेला क्विनाक्रिडोन (पारदर्शक गुलाबी-लाल रंग), पाण्याला अल्ट्रामरीन आणि व्हिरिडियन. ट्यूबवर पीआर ८३ (PR83, रंगद्रव्याचा क्रमांक) लिहिलेले अलिझरीन क्रिमसन टाळा. पातळ थरात ते उडते.

बाई चिकटवल्यासारखी दिसते ती उजेडामुळे. कोकणात सूर्य समुद्रात बुडतो, म्हणजे तुमच्या कोळणीचा चेहरा सावलीतच असणार. त्यावर पूर्वेच्या आकाशाचा गारवा हवा. ऊब फक्त केसांच्या कडेला, खांद्यावर आणि कानात. मागून ऊन आले की कानाची पाळी आतून लाल दिसते. तेवढी जागा करड्यात फिकट ठेवा आणि वर बर्न्ट सिएनात किंचित क्विनाक्रिडोन घालून एकच हात द्या. हा कान जमला की अर्धे चित्र जमले.

आता चेहरा पूर्ण वाळू द्या आणि पुन्हा करड्यात बांधा, हव्या त्या छटेपेक्षा एक पायरी उजळ, कारण प्रत्येक ग्लेझ चित्र गडद करते. माध्यम, म्हणजे रंग पातळ करायचे मिश्रण : १ भाग स्टँड ऑइल (घट्ट केलेले जवसाचे तेल), १ भाग डामर व्हार्निश (डामर राळेचे), ५ भाग टर्पेंटाइन, वरच्या थरांत टर्पेंटाइन कमी करत जा. चेहऱ्यापुरता तुरीच्या डाळीएवढा रंग पुरतो. मऊ चपट्या ब्रशने पसरा आणि कोरड्या सुती चिंधीने निम्माअधिक टिपून घ्या. लावण्यापेक्षा टिपण्यातच खरे कसब आहे. शेवटी पाण्याचे निळे ग्लेझ सावलीतल्या दंडाच्या कडेवरून बोटभर आत ओढा. बाई समुद्रात मिसळेल. पिवळे ग्लेझ मात्र सरसकट फिरवू नका, निळे पाणी हिरवे होईल.

तेलाच्या चिंध्या चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, त्या आपोआप पेट घेऊ शकतात. पाण्यात बुडवून ठेवा.

प्रश्न : ग्लेझ थेंबाथेंबांनी गोळा होते, पसरतच नाही.

उत्तर : खालचा थर फार तेलकट, चकचकीत झाला आहे. तो पक्का वाळला असेल तर कापलेला कांदा हलक्या हाताने फिरवा आणि पुसून घ्या. जुनी रीत आहे, चालते.

प्रश्न : पावसाळ्यात थर आठवडाभर चिकट राहतो. रंग लवकर वाळवणारा कोबाल्ट ड्रायर घालू का?

उत्तर : नको. थेंबाने काम भागत नाही म्हणून हात सैल सुटतो, आणि मग थराला सुरकुत्या नि पुढे भेगा. त्यापेक्षा लवकर वाळणारे अल्किड माध्यम घ्या, पण पहिल्या थरापासून. हळू वाळणाऱ्या तेलाच्या थरावर लवकर वाळणारा थर चढवला तर तोही तडकतो.