खासगी विद्यापीठांवर सरकारचा काही वचक असतो का?

असतो, पण तुम्ही समजता तसा नाही. मी नागपुरातल्या एका इंजिनीअरिंग कॉलेजच्या ॲडमिशन विभागात आहे. 'नागपूर विद्यापीठाला शंभर नियम आणि प्रायव्हेटवाल्यांना मोकळं रान' हे तुमचं वाक्य दर जूनमध्ये खिडकीपलीकडून ऐकतो.

मोकळं रान एकदा झालं होतं, छत्तीसगडमध्ये. 2002 च्या कायद्याचा आधार घेऊन तिथं बघता बघता शंभरावर खासगी विद्यापीठं निघाली. बऱ्याच ठिकाणी ना इमारत, ना शिक्षक. शास्त्रज्ञ प्रा. यशपाल कोर्टात गेले आणि 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या कायद्यातली कलमंच रद्द केली. यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, 2003 चे नियम आहेतच: खासगी विद्यापीठाला दुसरी कॉलेजं संलग्न करता येत नाहीत. आपल्या महाराष्ट्रात विधिमंडळाच्या कायद्याशिवाय खासगी विद्यापीठ उभंच राहत नाही, आणि सगळ्यांसाठी 2023 चा एक कायदाही आहे. 1923 चं आपलं नागपूर विद्यापीठ चालतं 2016 च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यावर: राज्यपाल कुलपती, सिनेटच्या, म्हणजे अधिसभेच्या, निवडणुका, आणि त्यातलं राजकारण, ते वेगळं सांगायला नको.

माझ्या मते खरा फरक पैशात आहे. नियम आले म्हणून सरकारचा पैसा येत नाही. गेल्या वर्षी उमरेडकडचे एक काका मुलीला घेऊन आले. प्लास्टिकच्या पिशवीत उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, सगळं नीट घडी घालून. 2024 पासून ओबीसी, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास), ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ आहे. पण त्याच जीआरमध्ये कंस आहे: खासगी अभिमत (डीम्ड) आणि स्वयंअर्थसहाय्यित, म्हणजे स्वतःच्या पैशावर चालणारी खासगी, विद्यापीठं वगळून. काकांनी एका खासगी विद्यापीठात सीट पक्की करून पहिला हप्ताही भरला होता. तिथं कुणी त्यांना तो कंस दाखवला नव्हता. मी दाखवला, तर म्हणाले, "पण नाव तं विद्यापीठच आहे ना भाऊ?"

म्हणून पैसे भरायच्या आधी दोन गोष्टी बघा. पूर्ण कोर्सची फी लेखी मागा, पहिल्या वर्षाची नुसती नको. आणि यूजीसीच्या साइटवर त्या विद्यापीठाचं नाव शोधा, सोबत बनावट विद्यापीठांची यादीही उघडा. तिच्यात नागपूरचंही एक नाव वर्षानुवर्षे आहे, राजा अरेबिक विद्यापीठ.