गुहाचित्राचं वय म्हणजे नेमकं कशाचं वय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: इंडोनेशियाच्या सुलावेसी बेटावरचं गुहाचित्र 51,200 वर्षांचं, स्पेनमधली काही चित्रं 64,000 वर्षांहून जुनी आणि तीही निअँडरथलांची (आपल्याआधी युरोपात राहणाऱ्या, आता नामशेष झालेल्या मानवजातीची), मध्य प्रदेशातल्या भीमबेटकाच्या चित्रांचा आकडा कधी 10,000 तर कधी 1,00,000. मग सरळ रंगाचं कार्बन डेटिंग करून हा घोळ मिटवत का नाहीत? आणि कोकणातल्या कातळशिल्पांचं वय कसं काढायचं?

कारण बहुतेक रंगांत कार्बनच नसतो. लाल-पिवळा रंग गेरूचा, म्हणजे लोहाच्या ऑक्साइडचा. काळा बऱ्याचदा मँगनीज ऑक्साइडचा. ही खनिजं माणसाच्या कितीतरी आधी तयार झाली, त्यामुळे त्यांचं वय काढून हाती काही लागत नाही. फ्रान्समधली लास्को गुहा 1940 मध्ये सापडली, पण तिथले रंग जवळपास सगळे खनिज आहेत, म्हणून चित्रांचा काळ आजही मुख्यतः गुहेत मिळालेल्या कोळशावरून आणि शिंगांच्या तुकड्यांवरून मांडला जातो.

चित्र कोळशाने काढलेलं असेल तर कार्बन-14 चालतं: हा किरणोत्सारी कार्बन झाड मेल्यापासून ठरलेल्या वेगाने घटतो, म्हणून किती उरला त्यावरून वय निघतं. एक मिलिग्रॅमच्या आसपास, कधी त्याहूनही कमी कार्बन पुरतो, पण तो स्वच्छ हवा. नमुना आधी आम्लात धुतात (भिंतीवरचा चुना जातो), मग अल्कलीत (मातीतून आलेली ह्युमिक आम्लं जातात), मग पुन्हा आम्लात, कारण अल्कलीत असताना तो हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषतो. नमुना फार नाजूक असेल तर अल्कलीतच सगळा विरघळून जातो. धुणं अर्धवट सोडलं तर काय होतं ते बघा. कार्बन-14 चं अर्धायुष्य 5,730 वर्षं, म्हणजे तेवढ्या काळात ते निम्मं उरतं. ज्या कोळशात ते अजिबात उरलेलं नाही, त्यात फक्त 1 टक्का आजचा कार्बन मिसळला तर यंत्र सुमारे 37,000 वर्षं दाखवतं. म्हणजे 30,000 च्या पुढच्या आकड्यांत मोजण्यापेक्षा धुण्याचं कसब जास्त महत्त्वाचं. साधारण 50,000 वर्षांपलीकडे ही पद्धत हात टेकते.

दुसरी गोची अशी की मिळतं ते लाकूड मेल्याचं वय. गुहेच्या जमिनीवर पडलेला कित्येक हजार वर्षं जुना कोळसा उचलून कुणी चित्र काढलं असेल, तर प्रयोगशाळेला ते कळायला मार्ग नाही. म्हणून फ्रान्समधल्या शोव्हे गुहेचं (शोध 1994) उदाहरण मला पटतं. तिथल्या कोळशाच्या चित्रांची वयं 36,000-37,000 वर्षांपर्यंत गेली, तेव्हा जाणकारांनी शंका घेतली, कारण इतकी कसदार चित्रं इतकी जुनी असणं शैलीच्या प्रचलित क्रमात बसत नव्हतं. पुढे गुहेचं तोंड बुजवणाऱ्या कोसळलेल्या दगडांचं वय क्लोरीन-36 वरून (उघड्या पडलेल्या खडकात ते अवकाशातून येणाऱ्या किरणांमुळे साठत जातं) स्वतंत्रपणे काढलं गेलं. तोंड सुमारे 21,000 वर्षांपूर्वी पूर्ण बंद झालं होतं. त्यानंतर आत जाऊन कुणी चित्रं काढणं शक्य नव्हतं. शैलीवरून वय ठरवण्याच्या सवयीला यातून मोठा धक्का बसला, आणि बसायलाच हवा होता.

आता सुलावेसी. तिथे चित्राचं वय मोजलेलंच नाही. चुनखडीच्या गुहेत पाणी झिरपून चित्रावर कॅल्साइटचा पापुद्रा चढतो, त्याचं वय मोजलं आहे. युरेनियम पाण्यात विरघळतं, थोरियम जवळपास नाही. त्यामुळे ताज्या कॅल्साइटमध्ये युरेनियम असतं, थोरियम-230 नसतं. ते पुढे युरेनियमच्या क्षयातून हळूहळू साठतं, आणि दोघांच्या प्रमाणावरून वय निघतं. पाच लाख वर्षांपर्यंत ही पद्धत ताणता येते. भिंतीवरच्या चित्रावर कुणी चुन्याचा हात मारला तर चित्र त्या चुन्याआधीचं, एवढंच ठरतं. तसंच इथे. पापुद्रा रंगाच्या वर असेल तर मिळतं ते किमान वय, रंगाखाली असेल तर कमाल वय. बातमीत मात्र ‘किमान’ हा शब्द गळतो आणि 51,200 हे चित्राचं वय म्हणून छापून येतं.

यात चुका दोन ठिकाणी होतात. एक म्हणजे पापुद्र्यात धूळ-माती अडकलेली असते आणि तिच्यासोबत आयतं थोरियम आलेलं असतं, त्यामुळे वय फुगतं. थोरियम-232 हे समस्थानिक (थोरियमचाच वेगळ्या वजनाचा प्रकार) फक्त मातीतूनच येतं, म्हणून ते मोजून दुरुस्ती करतात. दुरुस्ती थोडी असेल तर ठीक. ती मोठी असेल तर तो आकडा मी तरी बाजूला ठेवतो. दुसरी चूक जास्त छुपी आहे. पापुद्रा पुन्हा ओला होऊन त्यातलं युरेनियम वाहून गेलं की थोरियम जागेवरच राहतं आणि वय खोटं जुनं दिसतं. यावर उपाय म्हणजे एकाच पापुद्र्याचे बाहेरून आत असे दोन-तीन थर वेगळे मोजणं. आतला थर बाहेरच्यापेक्षा जुना यायलाच हवा. क्रम उलटसुलट आला तर नमुना बाद. एकच थर मोजून दिलेल्या वयावर म्हणूनच फार भार टाकू नये.

नमुना खरवडताना रंगाचा पहिला कण दिसताच थांबतात, म्हणजे पापुद्रा रंगावरचाच आहे याची खात्री होते आणि चित्रही वाचतं. पण खरवडीत पातळ थर एकमेकांत मिसळतात आणि वरच्या तरुण थरांमुळे वय कमी येतं. सुलावेसीच्या लेआंग बुलू सिपोंग 4 या गुहेतल्या शिकारीच्या चित्राला 2019 मध्ये 43,900 वर्षं किमान वय मिळालं होतं. 2024 मध्ये लेझरने पापुद्र्याच्या कापाचा बिंदूबिंदू मोजला आणि ते 48,000 झालं. त्याच पद्धतीने लेआंग कारामपुआंगमधल्या चित्राचे 51,200 आले. म्हणजे शिकारीचं चित्र तेच, मोजण्याची टोकदारी वाढली.

निअँडरथलांचा मुद्दा याच पद्धतीवर उभा आहे. ला पासिएगा, माल्त्राविएसो आणि आर्दालेस या स्पेनमधल्या तीन गुहांतल्या पापुद्र्यांना 2018 मध्ये 64,000 वर्षांहून जास्त किमान वय मिळालं. तेव्हा आयबेरियात आपल्या जातीचा माणूस पोचल्याचा पुरावा नाही, म्हणून चित्रकार निअँडरथल, असा तो युक्तिवाद आहे. म्हणजे चित्रकाराची ओळख हा निष्कर्ष आहे, मोजमाप नाही. आक्षेप घेणाऱ्यांनी नेमकं युरेनियम वाहून जाणं आणि पापुद्रा त्या रंगावरचाच आहे का, हे दोन मुद्दे धरले. मूळ गटाने उत्तरं दिली, पण वाद मिटलेला नाही. लाल रेघा, ठिपके, हाताचा छाप एवढीच ही चित्रं आहेत, प्राणी नाहीत, हेही लक्षात असू द्या.

भीमबेटकाचा घोळ वेगळा आहे. तिथला लाखाचा आकडा चित्रांचा नव्हे, उत्खननात मिळालेल्या अश्युलियन (हातकुऱ्हाडींसारख्या फार जुन्या धाटणीच्या) दगडी हत्यारांच्या थरांचा आहे. माणूस तिथे तेव्हापासून राहत होता. चित्रं बहुतांश मध्याश्मयुगापासून (सुमारे 10,000 वर्षांपूर्वीपासून) ऐतिहासिक काळापर्यंतची मानली जातात, आणि तेही एकावर एक काढलेल्या चित्रांच्या क्रमावरून. खडक वालुकाश्म असल्याने सुलावेसीसारखे कॅल्साइटचे पापुद्रे मिळत नाहीत. एकाच गुहेत जुनी हत्यारं आणि चित्रं असणं म्हणजे दोन्ही एका काळाची असणं नव्हे. दक्षिण आफ्रिकेतल्या राइजिंग स्टार गुहेत होमो नालेडी या नामशेष मानवजातीने रेघा कोरल्याचा 2023 चा दावा इथेच लंगडा पडतो. हाडं 2,36,000 ते 3,35,000 वर्षांची, पण रेघांचं थेट वय त्या निबंधात नव्हतं. याउलट दक्षिण आफ्रिकेतल्याच ब्लॉम्बोस गुहेतली गेरूच्या रेघांची दगडी कपची सुमारे 73,000 वर्षांच्या थरात गाडलेली मिळाली. तिथे थराचं वय कपचीला लावता येतं.

कॅल्साइट नसेल तर वाट वाकडी करावी लागते. ऑस्ट्रेलियाच्या किंबर्लीत कुंभारमाशीच्या मातीच्या घरट्यांत वणव्याचा कोळसा अडकतो. रंगाखालची आणि वरची घरटी मोजून एका कांगारूच्या चित्राला 2021 मध्ये सुमारे 17,300 वर्षं वय मिळालं. वर आणि खाली दोन्हीकडून वय बांधता येणं ही दुर्मीळ चैन आहे.

कोकणातल्या कातळशिल्पांबद्दल विचारलं आहे, तर तिथे रंगही नाही आणि जांभ्यावर कॅल्साइटही नाही. गेंडा कोरला आहे म्हणून शिल्प 20,000 वर्षांचं, हे गणित धोक्याचं आहे, कारण गुजरातेत लांघणजला मध्याश्मयुगीन थरात गेंड्याच्या खांद्याचं हाड मिळालं आहे. गेंडा त्या भागात बराच उशिरापर्यंत होता. खरी आशा मातीखाली गाडल्या गेलेल्या शिल्पांत आहे. त्यांच्यावरच्या मातीतल्या क्वार्ट्झच्या कणांनी शेवटचं ऊन कधी पाहिलं हे प्रकाशदीप्तीच्या पद्धतीने मोजता येतं आणि किमान वय मिळतं. तो नमुना अपारदर्शक नळी ठोकून अंधारातच काढावा लागतो. म्हणून अर्धवट बुजलेलं शिल्प दिसलं तर फोटोसाठी माती झाडू नका, रेघांत खडूही भरू नका. काही मिनिटं ऊन लागलं की त्या कणांचं घड्याळ शून्यावर येतं.