समुपदेशनाचा अर्धवेळ डिप्लोमा: एफडी मोडू नका, नोकरी निम्मी करू नका

प्रश्न थोडक्यात असा. पिंपरी-चिंचवडच्या एका खासगी शाळेत शिकवणाऱ्या, ३९ वर्षांच्या वाचक. हातात पगार ४१,०००, पतींचा ४८,०००. गृहकर्जाचा हप्ता २४,०००, घरखर्च ४६,०००, एसआयपी ८,०००. बँकेत ३ लाख २० हजारांची एफडी. त्यांना विद्यापीठाचा समुपदेशनाचा दोन वर्षांचा, शनिवार-रविवारचा पदव्युत्तर डिप्लोमा करायचा आहे. फी १ लाख १० हजार, प्रवेश तीन महिन्यांवर. चुलत बहीण मात्र ३५,००० चा ऑनलाइन कोर्स सुचवते आहे. एफडी मोडावी, शैक्षणिक कर्ज काढावं, की अभ्यासाला वेळ मिळावा म्हणून शाळेत अर्धवेळ होऊन २२,००० वर भागवावं?

ताई, डिप्लोमा जरूर करा. पण या तिन्ही वाटा नकोत.

अर्धवेळ नोकरीचं आधी बघू, कारण खरा खड्डा तिथे आहे. महिन्याला १९,००० कमी म्हणजे दोन वर्षांत ४ लाख ५६ हजार. फीच्या चौपट! आज सगळं भागून तुमच्याकडे ११,००० उरतात; त्या जागी दरमहा ८,००० ची तूट येईल, आणि कोर्सचा खर्च वेगळाच. पीएफची भर घटेल ती निराळी.

आता कोर्सचा पूर्ण हिशोब मांडू. माहितीपत्रकात फक्त फी असते. त्यात जाणं-येणं आणि बाहेरचं खाणं मिळवा: वर्षाला ३० शनिवार-रविवार, दिवसाला ३०० रुपये धरले तर दोन वर्षांत ३६,०००. परीक्षा शुल्क, पुस्तकं, झेरॉक्स १५,०००. सुपरव्हिजन, म्हणजे तुम्ही घेतलेल्या सेशन्सवर अनुभवी समुपदेशकासोबत बसून चर्चा, ही विद्यापीठाकडून पुरेशी मिळाली नाही तर बाहेर पैसे मोजून घ्यावी लागते. तासाला १,००० धरून २४ तासांचे २४,०००. स्वतः क्लायंट म्हणून २० सेशन्स घ्या, त्याचे २०,०००. यात काटकसर करू नका. दुसऱ्याचं दुःख ऐकताना आपलंच काय वर येतं, हे ठाऊक नसलेला समुपदेशक लवकर थकतो आणि समोरच्यालाही त्रास देतो. बेरीज २ लाख ५ हजार.

अजून एक खर्च लपलेला आहे. वर्ग शनिवार-रविवारी असले तरी प्रॅक्टिकम, म्हणजे समुपदेशनाचा प्रत्यक्ष सराव, बहुधा कामाच्या दिवशी असतं, कारण शाळा, दवाखाने, संस्था तेव्हाच उघड्या असतात. मे महिन्यात उरकू म्हणाल तर शाळाच बंद! २० दिवसांची बिनपगारी रजा धरा, साधारण २७,०००. स्वतःच्या शाळेत प्रॅक्टिकम करायचा मोह होईल, पण ज्या मुलांचे पेपर तुम्ही तपासता ती तुमच्यापुढे मोकळी होणार नाहीत. शेजारची शाळा किंवा एखादं कुटुंब सल्ला केंद्र शोधा; केंद्र मिळालं तर तिथले जमतील तेवढे तास दिवाळीच्या सुट्टीत बसवा.

एकूण २ लाख ३२ हजार, म्हणजे २४ महिन्यांत दरमहा सुमारे ९,७००. उरणाऱ्या ११,००० मध्ये हे बसतं, पण अगदी घट्ट. म्हणून कोर्सपुरती एसआयपी ८,००० वरून ५,००० करा. बंद मात्र करू नका, एकदा बंद केलेली पुन्हा सुरू करायची राहूनच जाते. प्रवेशाला तीन महिने आहेत, तेवढ्यात ३३,००० साठतील. फी सत्रागणिक असेल तर पहिला हप्ता २७,५०० त्यातून भरा आणि लगेच ४,६०० ची आरडी सुरू करा. सहा महिन्यांनी पुढचा हप्ता तयार. वर्षाची फी एकदम मागितली, तर कमी पडणारे २२,००० एफडीवरच्या ओव्हरड्राफ्टने, म्हणजे एफडी न मोडता तिच्या तारणावर, उचला. व्याज एफडीच्या दराहून साधारण एक-दोन टक्के जास्त आणि वापरलेल्या रकमेवरच. दोन-तीन महिन्यांत फेडून टाका.

एफडीला हात का लावायचा नाही? हप्ता आणि घरखर्च मिळून महिन्याला ७०,०००. सहा महिन्यांचे ४ लाख २० हजार हवेत. तुमच्याकडे आहेत साडेचार महिन्यांचे. ती तुमची अडीअडचणीची पुंजी आहे, आणि तीही अपुरी.

शैक्षणिक कर्जाचा कर लाभही तुम्हाला मिळणार नाही. त्याच्या व्याजाची वजावट जुन्या करप्रणालीतच मिळते, आणि नव्या प्रणालीत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर तुम्हाला करच नाही. ट्यूशन फीची वजावट मुलांच्या पूर्णवेळ शिक्षणापुरती असते, स्वतःच्या नाही.

चुलत बहिणीने सुचवलेला ३५,००० चा ऑनलाइन पर्याय सोडून द्या. २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसाय कायद्यात समुपदेशकांचे काही गट येतात. त्याच कायद्याच्या आधारे विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून मानसशास्त्रासह अशा विषयांचे दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेश थांबवले. आणि हेही स्पष्ट असू द्या, की या डिप्लोमाने तुम्ही क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होत नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. आजाराचं निदान तुमच्या कक्षेत येणार नाही.

पैसे परत कसे येतील? शाळांमधली मागणी खरी आहे: सीबीएसईच्या संलग्नता नियमांत समुपदेशक लागतो, आणि जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थांना किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमायला सांगितलं. पण नियम झाला म्हणून पगार वाढतोच असं नाही. मुख्याध्यापकांना आत्ताच विचारा: डिप्लोमानंतर पद काय, वेतन किती? महिन्याला ६,००० वाढले तर खर्च ३९ महिन्यांत निघतो. खासगी सेशन्स घेतलीत तर आठवड्याला चार, सेशनचे ७०० आणि खोलीभाडं २०० धरून ४६ आठवड्यांत ९२,०००. पहिल्या वर्षी याच्या निम्मेच धरा. तरी तिसऱ्या वर्षाअखेर २ लाख ३० हजार. तेव्हा तुम्ही ४४ च्या असाल, पुढे कामाची बरीच वर्षं आहेत.

फी भरण्याआधी विद्यापीठाकडून तीन गोष्टी लेखी घ्या: प्रॅक्टिकमचे तास आणि वार, सुपरव्हिजनचे तास फीत धरलेत का, आणि फीचे हप्ते. प्रवेशाची अंतिम तारीखही लिहून ठेवा. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे त्यानंतर १५ दिवसांत प्रवेश रद्द केला तर ८० टक्के फी परत, ३० दिवसांत ५० टक्के, पुढे काहीच नाही. म्हणजे पहिले दोन शनिवार-रविवार बसून बघा, आणि जमत नसेल तर १५ दिवस उलटायच्या आत अर्ज द्या.