उत्तर: कॅथेटर असताना परत परत ताप येतो? आधी नळी बदला, मग सँपल द्या

ताई, तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही. सासऱ्यांना पॅरालिसिसनंतर कॅथेटर (लघवीची नळी), थंडी वाजून ताप, दर वेळी नवीन अँटिबायोटिक, थोडे दिवस बरं की परत तेच. आमच्या बाबांचं अगदी असंच झालं होतं. मी डॉक्टर नाही, बाबांचं करताना जे कळलं आणि नंतर युरॉलॉजिस्टने समजावलं तेवढंच लिहितोय. हात धुणं, पिशवी मूत्राशयाच्या खाली ठेवणं हे तुम्ही करत असालच, ते सोडतो.

तुम्ही लिहिलंय की लॅबचा माणूस पिशवीतली लघवी घेऊन जातो. इथेच घोडं पेंड खातंय.

नळी आत राहिली की जंतू तिला चिकटतात आणि स्वतःभोवती चिकट थर करतात, तोच बायोफिल्म. मोरीच्या पाइपात बुळबुळीत थर धरतो ना, तसा, वरून पाणी सोडून तो जात नाही. कॅथेटर असताना रोज ३ ते ७ टक्के लोकांच्या लघवीत नव्याने जंतू येतात, महिनाभरात जवळपास सगळ्यांच्याच. म्हणजे रिपोर्टात ग्रोथ (जंतू वाढले) आली म्हणून इन्फेक्शन झालंच असं नाही, आणि पिशवीत तर लघवी तासन्‌तास पडून असते, तिथे जंतू वाढणारच, त्यावरून आत काय चाललंय ते काय कळणार? दुसरं म्हणजे लॅबमध्ये औषधाची टेस्ट मोकळ्या जंतूंवर होते. तोच जंतू थरात असला की सेन्सिटिव्ह (म्हणजे लागू पडेल असं) लिहिलेल्या औषधालाही दाद देत नाही. लघवीतले मरतात, ताप उतरतो, नळीवरचे तसेच राहतात आणि कोर्स संपला की परत सुरू.

आम्हाला सगळ्यात महागात पडलं ते एक हॉस्पिटल. ताप आला की आम्ही म्हणायचो नळी बदला, उत्तर ठरलेलं, अजून महिना झाला नाही, तारखेला या. नळी जुनी, सँपल पिशवीतलं, रिपोर्टात तीन-तीन जंतू आणि त्यावर भारीतली इंजेक्शनं. बाबांना जुलाब लागले, अंगात त्राण उरलं नाही, आणि शेवटच्या रिपोर्टात औषधांपुढे बहुतेक सगळीकडे ‘आर’, म्हणजे रेझिस्टंट, औषध लागू पडत नाही. आजही आठवलं की संताप होतो, कारण २००९ पासून अमेरिकेतल्या इन्फेक्शनच्या डॉक्टरांच्या गाइडलाइनमध्ये स्पष्ट आहे की इन्फेक्शनची लक्षणं आली आणि नळी २ आठवड्यांपेक्षा जुनी असेल तर ती बदला आणि कल्चर (जंतू वाढवून बघायची टेस्ट) नवीन नळीतून पाठवा. यात परवडत नाही असं काय आहे?

दुसऱ्या हॉस्पिटलात नळी काढली तेव्हा टोकाला पिवळट पांढरी खरखरीत पुटं होती, एक भोक जवळजवळ बुजलेलं. नवीन नळीच्या सँपलमध्ये एकच जंतू आला, प्रोटियस. हा युरियापासून अमोनिया करतो, लघवी अल्कलाइन होते आणि थरात खडे धरतात, म्हणून नळी सारखी तुंबते. त्याच्यावरचा एकच कोर्स दिला आणि ताप थांबला.

माझं मत, पटलं तर घ्या: ताप वगैरे काही नसताना नुसता रिपोर्ट बघून अँटिबायोटिक सुरू करू देऊ नका, लघवी गढूळ आहे किंवा वास येतोय एवढ्यावरही नाही. (ऑपरेशन ठरलं असेल तर वेगळं, ते डॉक्टर सांगतील.) पण थंडी वाजून ताप आणि ग्लानी, किंवा बीपी उतरलं, तर माझं काही न ऐकता थेट कॅज्युअल्टी गाठा.

हार्ट-किडनीचं पथ्य नसेल तर पाणी भरपूर द्या, लिंबू पिळून दिलं तर अजून चांगलं, खडे धरायला वेळ लागतो. नळी मांडीला चिकटपट्टीने बांधा, ओढ बसत नाही. आणि नळी खरंच लागतेय का हे डॉक्टरांना प्रत्येक वेळी विचारा, काहींचं बाहेरून लावायच्या कंडोम कॅथेटरवर भागतं.

आत्ताची नळी कधी घातलीय आणि लॅटेक्सची आहे की सिलिकॉनची ते लिहा, आणि मागच्या रिपोर्टात कुठला जंतू आला होता तेही.