एसी लावला की मांजरी शिंकते

प्रश्न : आमची तीन वर्षांची मांजरी कायम घरातच असते. गेल्या महिन्यापासून बेडरूममधला एसी लावला की ती लागोपाठ शिंकते. खाणे आणि खेळणे मात्र नेहमीसारखे आहे. तिला गारवा बाधत असेल का? तापमान किती ठेवावे, आणि हवा शुद्ध करणारे यंत्र घ्यावे का?

उत्तर : ती नीट खाते, खेळते हे आपण आवर्जून कळवले ते बरे झाले, कारण त्यावरून संशय संसर्गापेक्षा हवेकडे अधिक जातो. नुसत्या गारव्याने सर्दी होत नाही. मांजरांच्या संसर्गजन्य सर्दीमागे बहुतेक वेळा हर्पिस किंवा कॅलिसी विषाणू असतो. त्यातला हर्पिस एकदा शरीरात शिरला की आयुष्यभर सुप्त राहतो आणि ताण आला की पुन्हा उसळतो. त्यामुळे तिला लहानपणी सर्दी झाली असल्यास पशुवैद्यांना तसे अवश्य सांगावे.

एसी सुरू असताना खोली बंद असते, हवा कोरडी पडते आणि जाळीत साचलेली धूळ व बुरशी खोलीभर फिरते. जाळी धुवावी हे खरे, पण माझा पहिला संशय लिटरवर, म्हणजे तिच्या शौचाच्या पेटीत घालतात त्या मातीवर किंवा खड्यांवर आहे. नवे लिटर ओताल तेव्हा उन्हाच्या तिरिपेत पाहा. धुळीचा लोट उठताना दिसला, तर उकरताना तिचे नाक नेमके त्याच लोटात असते, आणि पेटीला झाकण असेल तर ती धूळ व मूत्रातला अमोनिया आतच कोंडून राहतो. झाकण काढावे, कमी धुळीचे, बिनवासाचे लिटर वापरावे आणि पेटी रोज साफ करावी. सुगंधी फवारे आणि सिगारेटचा धूर तर घरात नकोच. धुराचे कण तिच्या केसांवर बसतात आणि अंग चाटताना पोटात जातात.

मांजराच्या शरीराचे तापमान साधारण 38 ते 39 अंश सेल्सिअस असते आणि तिला आपल्यापेक्षा अधिक ऊब मानवते. एसी 25 ते 27 अंशांवर ठेवावा, झोत तिच्या अंगावर येऊ देऊ नये, आणि नको वाटल्यास बाहेर पडता यावे म्हणून दार किलकिले ठेवावे. आर्द्रता 40 ते 60 टक्के असावी. हेपा फिल्टरचे, म्हणजे अतिसूक्ष्म कण गाळणाऱ्या जाळीचे, यंत्र धूळ अडवते, वायू नाही. ओझोन सोडणारे यंत्र मात्र टाळावे.

नाकातून घट्ट पिवळा-हिरवा स्राव किंवा रक्त येणे, डोळे चिकटणे, दिवसभर अन्नाला तोंड न लावणे, यांपैकी काहीही दिसले तर पशुवैद्यांना दाखवावे. स्राव एकाच नाकपुडीतून येत असेल, तर वरच्या दाताच्या मुळाशी झालेला गळू किंवा नाकात अडकलेली वस्तूही कारण असू शकते. तोंड उघडून श्वास घेणे हे तातडीचे लक्षण आहे. माणसांचे सर्दीचे औषध स्वतःहून मुळीच देऊ नये, कारण त्यात अनेकदा पॅरासिटामॉल असते आणि त्याची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते.