लेकीला जंगल नको, पण जंगलावरची नोकरी हवी?

कणकवली तालुक्यातल्या एका वडिलांचं पत्र आहे. मुलगी बारावी सायन्स, पीसीबी, ६४ टक्के, केमिस्ट्रीत फारच कमी, तिला दापोलीला फॉरेस्ट्री म्हणजे वनशास्त्र करायचंय. वडिलांनी यूट्यूबवर बघितलं की जगभरच्या जंगलांवर सॅटेलाइटने लक्ष ठेवायचं काम युएन करतं. म्हणून विचारतायत, 'मुलीच्या जातीने रानात फिरणं बरं दिसत नाही, त्यापेक्षा सहा महिन्यांचा जीआयएस, म्हणजे कॉम्प्युटरवर नकाशे करायचा कोर्स करून अशी ऑफिसातली नोकरी मिळेल का? आमची काजूची बाग आहे, फीचा प्रश्न नाही.'

भाऊ, मार्कांचं नंतर बघू. तुमच्या अख्ख्या पत्रात 'आम्ही ठरवलंय' आहे आणि मुलीबद्दल एकच ओळ, तीही 'हट्ट धरून बसलीये'. अहो, कोर्स कुठला, कॉलेज कुठलं हे नावानिशी सांगणारी पोरं माझ्याकडे येतात किती? बहुतेक वेळा आईबाप बोलतात आणि पोर मोबाइलमध्ये डोकं घालून बसतं. तुमच्या घरात ठरवलेलं पोर आहे आणि तुम्ही त्याला हट्ट म्हणताय. आणि रानात फिरण्याचं म्हणाल तर काजूच्या सीझनला घरातल्या बायका सकाळपासून बागेत बी वेचतात ते चालतं, मग शिकून पगारावर रानात गेली की बरं दिसत नाही? हे मला खरंच कळत नाही.

आता सॅटेलाइट. वरून सगळं दिसतं, रानात जायला लागत नाही, हा गैरसमज आधी काढून टाका. वरून हिरवं दिसतं, पण ते ऐन-किंजळाचं रान आहे की कलमांची बाग हे कुणीतरी चालत जाऊन बघावं लागतं. बरं, देहरादूनची फॉरेस्ट सर्व्हे ऑफ इंडिया १ हेक्टर किंवा जास्त जागेवर १० टक्क्यांच्या वर झाडांचं छत्र असलं की ते वनाच्छादनात धरते, मालकी कुणाचीही असो, म्हणजे तुमची काजूची बागही त्यात येऊ शकते. युएनची अन्न आणि शेतीची संस्था एफएओ मात्र फळबागा धरत नाही, पण दोडामार्गातल्यासारखी रबराची लागवड धरते! म्हणजे रान तोडून काजू लावला की एका हिशोबात जंगल कायम आणि दुसऱ्यात गेलेलं. त्यात आपल्याकडे जून ते सप्टेंबर ढग, साध्या सॅटेलाइट फोटोत कोकण धड दिसतच नाही. इस्रो आणि नासाचा निसार हा सॅटेलाइट ३० जुलै २०२५ ला गेला, त्याचं रडार ढगातून बघतं, १२ दिवसांनी परत त्याच जागेवर येतं, पण त्याचे सिग्नल बरोबर वाचायला जमिनीवर झाडांची मापं लागतातच. जमिनीपासून १.३७ मीटरवर टेप लावून खोडाचा घेर मोजायचा, वहीत लिहायचं, पुढचं झाड. एफएओचा दर पाच वर्षांनी येणारा जगाचा अहवाल देशांनी पाठवलेल्या आकड्यांवर उभा असतो आणि ते आकडे असल्या वह्यांतून वर जातात.

तेव्हा त्या क्लासवाल्याला फी भरू नका. युएनच्या तज्ज्ञ पदांना बहुतेक वेळा मास्टर्स आणि काही वर्षांचा अनुभव मागतात. जीआयएस शिकू दे, पण फॉरेस्ट्रीच्या जोडीला. रस्ता नेहमीचाच, एमएचटी-सीईटी, दापोलीची चार वर्षं, मग पुढच्या शिक्षणाला देहरादून किंवा भोपाळ, नाहीतर एमपीएससी, यूपीएससीची वनसेवेची परीक्षा. देहरादूनला तर युएनशी जोडलेलं एक सेंटर आहे, तिथे आशियातल्या बाकी देशांची माणसं रिमोट सेन्सिंग शिकायला येतात, आणि तुम्ही लांबच्या युएनकडे बघताय. तिने सीईटी दिलीये का हे मात्र लिहिलं नाहीत, तेवढं आजच विचारा.

फॉरेस्ट्रीत नोकऱ्या ढिगाने नाहीत, सरकारी जागांची वाट बघण्यात वर्षं जातात, तेही तिला माहीत असायला हवं. म्हणून पुढचं पत्र तिलाच लिहू दे. एवढ्या सुट्टीत तिने मोबाइलवर तुमच्या वाडीचा सॅटेलाइट फोटो उघडून बाग कुठली, रान कुठलं, देवराई कुठली ते ओळखायचं, मग प्रत्यक्ष जाऊन किती चुकलं ते बघायचं आणि मला कळवायचं. कंटाळा आला तर तसंही लिहू दे. आणि केमिस्ट्रीत एवढे कमी का पडले ते मी तिलाच विचारेन, तुम्ही मध्ये सांगू नका.