तळहातावर लिहिलेला बेड नंबर नऊ

‘कोणी गेले तरी मला आता काहीच वाटत नाही, मी दगड झाले आहे का?’ समुपदेशनासाठी येणाऱ्या परिचारिकांनी हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला आहे की, त्याचे उत्तर एकदा सविस्तर लिहावे असे वाटू लागले. त्यासाठी एकीची हकीकत तिच्या संमतीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून सांगते. तिला आपण सुनंदा म्हणू.

सुनंदाचे माहेर दोडामार्गकडचे आणि सासर गोव्यातल्या डिचोली तालुक्यातले. जीएनएमचा (सामान्य परिचर्या आणि प्रसूतिसेवेचा) अभ्यासक्रम पूर्ण करून ती अकरा वर्षे एका खासगी रुग्णालयात काम करीत होती. तिला माझ्याकडे पाठवले ते तिच्या नवऱ्याने. ज्यांच्या हाताखाली तो लहानाचा मोठा झाला त्या त्याच्या आतेचे निधन झाले, तेव्हा सगळे घर रडत असताना सुनंदाने आतेचे डोळे मिटवले, हनुवटीला फडके बांधले, हातपाय सरळ केले आणि मृत्यूच्या दाखल्यासाठी डॉक्टरांना फोन लावला. पाठीमागे कोणीतरी म्हणाले, “हिका कांयच वायट दिसना.” म्हणजे हिला काहीच वाईट वाटत नाही. ते वाक्य तिच्या मनात रुतून बसले होते, कारण तिला स्वतःलाही तेच खरे वाटत होते.

पहिल्या भेटीत माझी चूक झाली. मी तिला दीर्घ श्वसन आणि संध्याकाळचे चालणे सुचवले. ती शांतपणे म्हणाली, “मॅडम, म्हणजे ही आणखी एक ड्युटीच झाली की.” त्या उत्तराने मी भानावर आले आणि पुढच्या भेटीत भावनांविषयी काही न विचारता तिच्या महिन्याच्या ड्युट्या कागदावर मांडायला बसले.

त्या कागदावर बरेच काही होते. रात्रपाळी बारा तासांची, कक्षात बावीस रुग्ण आणि परिचारिका दोन. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार सर्वसाधारण रुग्णालयाच्या कक्षात पाच रुग्णांमागे एक परिचारिका असायला हवी. सलग तीन रात्री काम करून चौथ्या दिवशी सकाळची पाळी लागलेली दोन ठिकाणी दिसली. शरीराचे घड्याळ सकाळ, दुपार, रात्र अशा पुढे सरकणाऱ्या पाळ्यांशी त्यातल्या त्यात जुळवून घेते. उलट्या दिशेने फिरवलेल्या पाळ्या त्याला फार जड जातात. पहाटे चार-पाचच्या सुमारास शरीराचे तापमान सर्वांत खाली असते, लक्ष मंदावते, आणि नेमकी तीच वेळ रक्ताचे नमुने, सलाइन बदलणे आणि हँडओव्हरची, म्हणजे पुढच्या पाळीकडे रुग्ण सोपवण्याची, तयारी यांची. घरी परतल्यावर कोणी तिला झोपू देत असेल असेही नाही. सासूबाई वाईट नाहीत, परंतु दिवसा झोपणारी सून त्यांच्या हिशोबात बसत नव्हती. स्वयंपाक आटोपून सुनंदा दुपारी अडीच-तीन तास पडायची आणि कानात मॉनिटरचा आवाज वाजल्यासारखा होऊन दचकून उठायची.

तिसऱ्या भेटीत तिने तळहाताची गोष्ट सांगितली. कामाच्या घाईत ती औषधांच्या वेळा पेनने तळहातावर लिहीत असे. एका रात्री तिने ‘९ – २ वा.’ असे लिहिले होते. बेड नंबर नऊवरचे आजोबा दीड वाजता गेले. नातेवाईकांना सांगणे, कागदपत्रे, देह गुंडाळून देणे, बेड पुसून घेणे हे सारे तिनेच केले, आणि पहाटेपूर्वी त्या बेडवर नवा रुग्ण आला. सकाळी घरी कणीक मळायला घेतली तेव्हा पिठाने भरलेल्या हातावर ती अक्षरे तशीच होती. तिने साबणाने हात धुतला आणि पोळ्या केल्या.

“ते आजोबा कसे होते?” मी विचारले. बराच वेळ ती गप्प राहिली. मग म्हणाली की, त्यांना रुग्णालयातले जेवण नको असायचे, पेज आणि आंब्याचे लोणचे मागायचे, आणि ‘उद्या घरून आणते’ असे तिने त्यांना सांगितले होते. एवढे सांगताना तिचा आवाज फुटला आणि ती रडली. दगड रडत नाही, हे मला तिला समजावून सांगावे लागले नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये स्वीकारलेल्या आजारांच्या वर्गीकरणात बर्नआउटचा उल्लेख आहे, तो आजार म्हणून नव्हे तर कामाच्या ठिकाणच्या न आवरलेल्या ताणाचा परिणाम म्हणून. त्याची लक्षणे तीन: गळून जाणे, कामापासून मनाने तुटणे आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे. सुनंदाचे ‘काहीच न वाटणे’ हे त्यातले दुसरे. मृत्यू आणि पुढचा रुग्ण यांच्यामध्ये दोन मिनिटेही मिळत नसतील, तर मन ते दुःख बाजूला ठेवून देते. असे बाजूला ठेवलेले वर्षानुवर्षे साचत जाते आणि घरच्या मरणातही ते कप्पे उघडत नाहीत. मात्र दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप व भूक उडालेली असेल, कशातच रस उरला नसेल किंवा जीव नकोसा वाटत असेल, तर नैराश्याची शक्यता गृहीत धरून मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. गोव्यात त्यासाठी बांबोळीला आयपीएचबी हे सरकारी मनोरुग्णालय आहे, आणि 14416 या टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या क्रमांकावर अवेळीही बोलता येते. सुनंदाच्या बाबतीत तशी लक्षणे नव्हती.

अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठाच्या रुग्णालयात काम करणाऱ्या जोनाथन बार्टेल्स या परिचारकाने रुग्ण दगावल्यावर सर्वांनी क्षणभर स्तब्ध उभे राहण्याची एक साधी प्रथा सुरू केली. सुनंदाने तिच्या पद्धतीने ती उचलली: देह बांधण्याआधी ती बेड नंबर न उच्चारता त्या माणसाचे नाव मनात घेते. तळहाताऐवजी खिशात छोटी वही ठेवते. रात्रपाळीपूर्वी दीड तास झोपते, पहाटे तीननंतर चहा घेत नाही, आणि परतल्यावर खोलीला जाड पडदा लावते. या पडद्यासाठी नवऱ्याला एका भेटीला बोलवावे लागले. सासूबाईंना ती गोष्ट माझ्यापेक्षा त्याने सांगितलेली अधिक पटली, हे मी अनुभवाने मान्य करते.

चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) दिवशी मात्र तिची ड्युटी लागलीच. घरात माटोळी, म्हणजे गणपतीवरची फळाफुलांची आरास, बांधली जात असताना ती कदंब बसमध्ये होती, आणि त्यावर ऐकावे लागणारे बोलणे कोणत्याही समुपदेशनाने थांबत नाही. तिने आणि तिच्या तीन सहकाऱ्यांनी मिळून पाळ्यांचा क्रम बदलण्यासाठी आणि रात्री तिसरी परिचारिका देण्यासाठी मॅट्रनबाईंकडे लेखी अर्ज केला, त्याचा मसुदा आम्ही माझ्या टेबलावर बसूनच केला होता. पाळ्यांचा क्रम बदलला आहे. तिसऱ्या परिचारिकेविषयी अजून उत्तर आलेले नाही.